दाराजवळचं टेबल

२ मार्च

चौतीस वर्षं दुसऱ्यांची टेबलं धरली. आता स्वतःचं धरायचं आहे!

आज जिन्यात दातांचे डॉक्टर भेटले, खालच्या मजल्यावरचे. बोटीच्या सफरीला दोनदा जाऊन आलेत आणि तेव्हापासून भेटेल त्याला जिन्यात उभं करून तीच सफर पुन्हा घडवतात. थोरल्यानं आम्हा दोघांची तिकिटं काढल्याचं त्यांना हिच्याकडून कळलं होतंच. म्हणाले, "कॅप्टन, तिकिटात जेवण येतं ते मोठ्या हॉलमधलं. खरी मजा खास रेस्टॉरंटांत. पाच असतात बोटीवर. तिथलं टेबल घरून निघायच्या आधी धरावं लागतं. नाहीतर बसा सात दिवस हॉलमध्ये सूप भुरकत."

मला कॅप्टन म्हणतात ते बोटीमुळे नाही. हॉटेलात कॅप्टन म्हणजे वेटरांचा मुकादम. काळा कोट, गळ्याला बो आणि समोर टेबलांचं रजिस्टर. नोकरी संपून दोन वर्षं झाली, नाव चिकटलं ते चिकटलंच.

मी डॉक्टरांना शांतपणे सांगितलं, "त्या पाचांतल्या एकात आमची धाकटी आहे. शेफ. दुसऱ्या नंबरची." त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. पण लगेच सावरले. "मग काय चिंता! तिला आतून एक शब्द टाकायला सांगा."

हसलो आणि जिना चढलो. वर पोचेपर्यंत मात्र डोकं तापलं होतं. एक शब्द टाका म्हणे! अख्खी नोकरी ह्या एका शब्दाशी भांडण्यात गेली माझी.

४ मार्च

त्याबद्दल लिहूनच ठेवतो, म्हणजे डोक्यातून जाईल.

आमच्या हॉटेलात खिडकीजवळची टेबलं चारच. एका म्हाताऱ्या जोडप्यानं महिनाभर आधी येऊन त्यातलं एक धरलं होतं, लग्नाच्या वाढदिवसासाठी. त्या संध्याकाळी मालकाचे मेहुणे आठ जणांना घेऊन दारात हजर. "खिडकी हवी." मी रजिस्टर दाखवलं. ते म्हणाले, "मी कोण माहीत आहे का?" म्हटलं, "माहीत आहे साहेब. म्हणूनच तुम्हाला आतलं मोठं टेबल देतोय." दुसऱ्या दिवशी मालकासमोर उभा राहिलो. नोकरी जायची ती थोडक्यात वाचली. पण ते जोडपं खिडकीशीच बसलं आणि पुढची नऊ वर्षं त्याच तारखेला येत राहिलं.

जो आधी, तो आधी. माझी सगळी विद्या एवढीच. तेव्हा धाकटीच्या ओळखीनं टेबल घ्यायचं नाही. घ्यायचं ते चार लोकांसारखं, रांगेत उभं राहून.

हिला हे सांगितलं. ही म्हणाली, "काखेत कळसा अन् गावाला वळसा."

असू दे. वळसाच घेऊ.

५ मार्च

एक सांगायचं राहिलं. मला खिडकी नकोच आहे.

प्रत्येक रेस्टॉरंटात एक टेबल असतं, जे कुणी मागत नाही. स्वयंपाकघराच्या दाराजवळचं. दार सारखं उघडतं-मिटतं, वाफा येतात, ताटल्यांचा खडखडाट, आतल्या शिव्या कानावर पडतात. आम्ही तिथं कुणाला बसवायचो? एकटं आलेल्याला, नवख्याला, तक्रार न करणाऱ्याला. खोटं कशाला लिहू.

मला तेच हवं. दार उघडलं की आतलं दिसतं. पोरगी काम करताना कशी दिसते ते मी कधी पाहिलेलं नाही.

९ मार्च

थोरल्यानं येऊन कॉम्प्युटरवर सगळं मांडून दिलं. बोट सुटणार १२ मेला. आमच्यासारख्या नवख्यांना बरोबर साठ दिवस आधी, सकाळी नऊला पान उघडतं. डॉक्टरांसारख्या जुन्यांना नव्वद दिवस आधीच उघडलेलं असतं. ते मला पटलं. नेहमीच्या गिऱ्हाइकाला मान द्यावाच.

धाकटीचं रेस्टॉरंट पाचांत सगळ्यांत लहान. चोवीस खुर्च्या. मासळीचं. थोरला म्हणाला, "बाबा, हे चार मिनिटांत भरतं. उरलेल्या चारांपैकी कुठलं बघू का?"

म्हटलं, "उरलेल्या चारांत माझं कोण आहे?"

रंगीत तालीम केली. तो घड्याळ लावून बसला, मी बटणं दाबली. पहिल्यांदा सहा मिनिटं लागली, पाचव्यांदा दीड. ही चहा ठेवून गेली आणि म्हणाली, "एवढ्या तयारीत मी लग्नाची जेवणावळ उठवली असती."

१३ मार्च

गेलं.

नऊला पान उघडलं. दुसरी रात्र, साडेसात, दोघांचं टेबल, एकच शिल्लक. मी धरलं. थोरला फोनवर होता, "शाब्बास बाबा, आता खालचं बटण दाबा." आणि खाली एक चौकोन आला. 'काही विशेष सूचना असल्यास लिहा.'

आता हा चौकोन मी मोकळा कसा सोडणार? चौतीस वर्षं गिऱ्हाइकांच्या विनवण्या केल्या, बाबांनो, आधी सांगा. कुणाला एका कानानं ऐकू येत नाही, कुणाचा गुडघा धरतो, कुणाला काय चालत नाही. एकानं सांगितलं असेल तर शपथ. आणि इथं ते लोक स्वतःहून विचारत होते! लिहायला बसलो. पत्नीचा डावा गुडघा वाकत नाही, तरी उजवीकडून बसवावं. शक्य असल्यास स्वयंपाकघराच्या दाराजवळ जागा द्यावी, आमची तक्रार असणार नाही. फुलदाणी उचलावी, समोरचं दिसत नाही. थोरला ओरडत होता, "बाबा, बटण!" मी म्हटलं, "थांब, 'उचलावी' की 'उचलल्यास बरं' ते ठरवतोय."

दाबलं. 'वेळ संपली. हे टेबल आता उपलब्ध नाही.'

हातातोंडाशी आलेला घास गेला. तोही आपल्याच शिस्तीपायी. हिनं माझा गार झालेला चहा उचलून नेला. टोमणा मारला असता तर कमी लागलं असतं.

१४ मार्च

दूध आणायला गेलो नाही. जिन्यात डॉक्टर उभे होते.

१५ मार्च

काल दिवसभर तोंड पाडून बसलो होतो. आज लाज वाटली. अरे, तू कॅप्टन आहेस ना? भरलेल्या रजिस्टरातून टेबल काढणं ही तर तुझी खासियत!

प्रतीक्षा यादीत नाव घातलं. अकरावा नंबर. थोरला म्हणाला, "अकरावा म्हणजे विसरा." त्याला काय कळतंय. यादीत एक प्रश्न असतो, किती जणांचं टेबल चालेल? बाकीचे दहा जण 'दोन' लिहितात नाहीतर 'चार'. माणसं जोडीनं फिरतात, सम आकड्यात. मी दोन, तीन, चार सगळ्यांवर खूण केली. तिघांचं टेबल सुटलं की कॅप्टनच्या कपाळाला आठी पडते. दोघांना मोठं वाटतं, चौघांना पुरत नाही, कुणी घेत नाही. ते सुटलं की माझं!

आणि सुटणार कधी, तेही ठाऊक आहे. दंड न भरता रद्द करायचा शेवटचा दिवस असतो तेव्हा. माणूस तोवर धरून बसतो आणि त्या दिवशी सोडतो. इथं तो दिवस १२ एप्रिल. भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोल केला.

ही म्हणाली, "हे डोकं घरच्या कामात कधी चाललं नाही."

२३ मार्च

बोट आज कुठल्याशा बंदराला लागली होती, धाकटीचा फोन आला. आवाज स्वच्छ. आधी आईशी गुडघ्याचं बोलली, मग मी घेतला. म्हणाली, "बाबा, मेन्यूत माझा एक पदार्थ घेतलाय. खाली माझं नाव छापलंय."

आपलं आडनाव मेन्यूवर! माझं नाव सगळ्या नोकरीत फक्त कोटावरच्या पट्टीवर लागलं, आणि तेही पहिलं अक्षर पुसलेलं.

काय आहे पदार्थ? धुरी दिलेली मासळी, खाली करपवलेल्या कांद्याचा रस्सा, वर लिंबाची साल. "करपवलेला? मुद्दाम?" "मुद्दाम, बाबा." आणि हसली.

मला कळलं ती का हसली. माझी पाळी संध्याकाळची. साडेचारला मी घरातून निघायचो आणि साडेचारलाच ती शाळेतून यायची. आमची भेट जिन्यात. ती दोन पायऱ्या वर उभी राहून माझा बो सरळ करायची आणि विचारायची, "जेवलात?" मी परत येईपर्यंत घर झोपलेलं. दहा वर्षांची झाल्यापासून ती माझ्यासाठी काहीतरी करून झाकून ठेवायला लागली. बहुतेक वेळा कांदा करपलेला. मी ते गार अन्न खायचो आणि हॉटेलच्या चिठ्ठीवर शेरा लिहून ताटाखाली ठेवायचो: 'कांदा करपला. चव उत्तम.' सकाळी ती ते वाचून शाळेत जायची. आम्ही बापलेक वर्षानुवर्षं असेच बोललो, ताटानं आणि चिठ्ठीनं.

फोनवर तिला माझी युक्ती सांगितली. तिघांचं टेबल, बारा तारीख, सगळं. लक्ष देऊन ऐकलं तिनं. म्हणाली, "तिघांचं कुणी घेत नाही हे मला माहीत नव्हतं."

म्हटलं, "स्वयंपाकघरातल्यांना हॉलमधलं काय कळणार!"

२९ मार्च

यादीत नववा. दोघे गळले.

२ एप्रिल

डॉक्टरांनी आज गाठलंच. त्यांना तिसऱ्या सफरीसाठी पाचही रेस्टॉरंटं मिळाली आहेत. एकेक नाव घेऊन सांगितलं. मग खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "कॅप्टन, अहो मुलीला सांगा. घरच्या माणसासाठी एवढं कुणीही करतं."

हे तेच डॉक्टर. आमच्या हॉटेलात न कळवता यायचे आणि खिडकीकडे बोट दाखवायचे. आता दात त्यांच्या हातात आहेत म्हणून बोलत नाही.

१० एप्रिल

धाकटीचा फोन. आज जरा भांडण झालं. भांडण तरी कसलं, मीच बोललो.

तिनं सुरुवात केली, "बाबा, टेबलाचं तुम्ही इतकं मनावर घेऊ नका. मी तुमच्यासाठी एक..." मी तिथंच तोडलं. म्हटलं, "एक शब्द पुढं बोलू नकोस. तू आतून टेबल धरून ठेवलंस तर मी त्यावर बसणार नाही. सांगून ठेवतो. आयुष्यभर ज्या लोकांना दारातून परत पाठवलं, त्यांच्या रांगेत मला नेऊन बसवू नकोस. मिळालं तर हक्कानं मिळेल, नाहीतर मी हॉलमध्ये सूप पिईन."

मग म्हणाली, "बरं बाबा."

फोन ठेवल्यावर ही म्हणाली, "पोरीचं वाक्य तरी पुरं होऊ द्यायचं." म्हटलं, "तत्त्वाची गोष्ट आहे." "सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही तुमचा," म्हणाली आणि भाजी निवडत बसली.

पण मला बरं वाटलं. तिला कळलं पाहिजे आपला बाप कसा आहे ते.

१२ एप्रिल

मिळालं!!

दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी. मी सकाळपासून कॉम्प्युटरसमोरून उठलो नव्हतो, जेवणही तिथंच केलं. पत्र आलं: 'आपल्यासाठी एक टेबल उपलब्ध झालं आहे. चौथी रात्र, सात वाजता, तीन व्यक्ती.'

तीन व्यक्ती! मी काय म्हणालो होतो? तारीख तीच, टेबल तेच. अक्षरशः लिहून ठेवल्यासारखं घडलं. यादीत आमच्या पुढं सहा जण होते, सगळे सम आकडेवाले! ह्याला म्हणतात रजिस्टर वाचणं. थोरल्याला फोन केला. तो म्हणाला, "बाबा, मानलं तुम्हाला." पस्तिशीच्या मुलाकडून हे ऐकायला काय वाटतं ते मुलगा असलेल्यालाच कळेल.

ह्या वेळी आधी बटण दाबलं, मग सूचना लिहिल्या. वेगळं पत्रच पाठवलं: आम्ही दोघेच आहोत, तिसरी खुर्ची उचलून घ्यावी. ही व्यवसायातली साधी गोष्ट आहे. रिकामी खुर्ची टेबलाशी ठेवू नये. वाढणाऱ्याच्या पायात येते आणि बसणाऱ्याला कुणीतरी यायचं राहिलंय असं वाटत राहतं. आणि जमल्यास स्वयंपाकघराच्या दाराजवळ.

रात्री हिनं शिरा केला. मी मागितला नव्हता.

१३ एप्रिल

आज दूध आणायला दोनदा गेलो. दुसऱ्या खेपेला डॉक्टर भेटले. सगळं सांगितलं, सावकाश, तारखांसकट. शेवटी ते म्हणाले, "पण मुलीनंच केलं असेल हो काहीतरी." मी त्यांना पत्र दाखवलं, प्रतीक्षा यादीचं, क्रमांकासकट. त्यांनी ते दोनदा वाचलं. घरी आल्यावर दूध उतू गेलं तरी मला काही वाटलं नाही.

२० एप्रिल

धाकटीचा निरोप, फोनवर लिहून. 'मिळालं ना बाबा? मला माहीत होतं तुम्हाला मिळणार. तुमची युक्ती बरोबर निघाली.'

एवढंच. कामात असणार. पण वाचून छाती फुगली. चार वेळा वाचलं.

१० मे

कपड्यांवरून वाद. माझा एकच चांगला कोट, काळा. ही म्हणाली, "तो घातलात तर लोक तुम्हालाच पाणी मागतील." म्हटलं, "मागू देत, आणून देईन." "तेच तर नको आहे मला," म्हणाली आणि थोरल्याचा निळा कोट बॅगेत भरला. खांद्यात जरा सैल आहे. बो मात्र मी गुपचूप खिशात टाकला.

१२ मे

बोट म्हणजे आडवं पडलेलं शहर आहे. आमच्या खोलीला गोल खिडकी. ही पलंगावर बसून खिडकीतून नुसती बघत राहिली.

धाकटी येऊन भेटली. दहाच मिनिटं. पांढरा कोट, केस जाळीत, मनगटावर भाजल्याचे दोन जुने डाग. वाळली आहे. पण चालणं कसं! समोरून येणारी दोन पोरं तिला बघून आपसूक भिंतीला लागली. असं चालणं मी ओळखतो. आपली माणसं कुठं उभी आहेत हे पाठीलाही ठाऊक असलं की माणूस असा चालतो.

आईच्या गळ्यात पडली, माझ्या पाया पडायला वाकली तर मी मध्येच धरली. म्हणाली, "चौथ्या रात्री मी आतच आहे बाबा. दार उघडलं की दिसेन." मग माझ्या कोटाची कॉलर सरळ केली. बो नव्हता ना.

१३ मे

मोठ्या हॉलमध्ये जेवलो. वाढणारा पोरगा तीन ताटल्या उलट्या हातावर घेतो. एक ना एक दिवस पाडणार. हिनं टेबलाखालून लाथ मारली, "बघू नका त्याच्याकडे. पाहुणे आहात."

पाहुणा होणं सोपं नाही. जेवण झाल्यावर ताटल्या एकात एक रचून ठेवल्या, तेव्हा दुसरी लाथ बसली.

१४ मे

उद्या.

१५ मे

उशीर झालाय, पण लिहिल्याशिवाय झोपणार नाही.

सातला पाच मिनिटं कमी असताना पोचलो. तिथला कॅप्टन दारात, चाळिशीचा, पाठ सरळ, रजिस्टर उघडं. माझं नाव वाचून त्यानं वर पाहिलं. म्हणाला, "दाराजवळचं टेबल तुम्हीच मागितलंत. आणि तिसरी खुर्ची उचलायला सांगितलीत." म्हटलं, "हो." तो क्षणभर थांबला, काही बोलणार होता बहुतेक. मग नुसता हसला आणि हिला उजव्या बाजूनं बसवलं. माझं पत्र वाचलं होतं त्यानं! असा कॅप्टन माझ्या हाताखाली असता तर मी त्याला दुसऱ्याच वर्षी वर चढवला असता. तिसऱ्या खुर्चीच्या जागी एक छोटं स्टूल, त्यावर पाण्याचा जग. फुलदाणी उचललेली.

आणि दार.

जेवण होईपर्यंत ते दार एकेचाळीस वेळा उघडलं. मी मोजलं. उघडलं की दोन-तीन सेकंद मिळतात. त्यातल्या एकोणीस वेळा ती दिसली. एकदा तव्यावर वाकलेली. एकदा पाठमोरी, हात वर करून कुणाला तरी थांबवताना. एकदा एका पोऱ्याला काही दाखवत होती, बोटांनी, न ओरडता. आमच्या हॉटेलातल्या शेफचा आवाज रस्त्यापर्यंत यायचा. धाकटीच्या हाताखाली कुणाचा आवाज नाही, आणि एक ताटली उशिरा नाही. मी चौतीस वर्षं दाराच्या ह्या बाजूला काढली. चांगलं चाललेलं स्वयंपाकघर ताटलीवरून ओळखतो मी. हे फार चांगलं चाललेलं आहे, आणि ते माझी पोरगी चालवते!

बाराव्या वेळी ती पुढं आली. आमची ताटली होती. तिनं ती स्वतः उचलली, फडक्यानं कड पुसली, दिव्याखाली धरून पाहिली आणि मग वाढप्याच्या हातात दिली. आमच्याकडे बघितलं नाही. कामात असताना बघायचं नसतंच.

मासळी जिभेवर विरघळली. खाली तो कांदा, काळा, कडवट, मग एकदम गोड. हिनं एक घास घेतला आणि डोळे पुसायला लागली. "हा तर आपल्या घरचा करपलेला कांदा," म्हणाली. मेन्यू उघडून मी तिला नाव दाखवलं. आपलं आडनाव. ही त्यावरून बोट फिरवत राहिली.

मी खिशातून एक चिठ्ठी काढली आणि वाढप्याच्या हातानं आत पाठवली. दार उघडलं तेव्हा ती पाठमोरी उभी होती, चिठ्ठी दोन्ही हातांत धरून. वाचायला चारच शब्द होते, पण दार दोनदा उघडून मिटलं तरी ती तशीच उभी.

आजच्यासारखा अभिमान मला कशाचा वाटला नाही. टेबल स्वतःच्या अकलेनं मिळवलं, कुणाचा शब्द न टाकता, आणि त्यावर बसून लेकीच्या हातचं खाल्लं. आणखी काय हवं असतं माणसाला?

१६ मे

सकाळी तिथल्या कॅप्टनचे आभार मानायला गेलो. त्याला वाटलं, मला सगळं माहीत आहे.

ते टेबल धाकटीचं होतं. जानेवारीपासून धरलेलं, तिघांचं. कालच्या रात्रीची सुटी मागून घेतली होती, पाहुण्यांमध्ये बसून जेवायची लेखी परवानगी काढली होती. मी फोनवर तसं बोललो आणि तिनं सुटी परत केली. टेबल मात्र लगेच सोडलं नाही. बारा तारखेपर्यंत थांबली. त्याला म्हणाली होती, "तिघांचं सुटलं की बाबाच घेतील. दुसरं कुणी घेत नाही."

मला वाटलं तिला मला खाऊ घालायचंय. तिला माझ्या शेजारी बसून जेवायचं होतं. आणि तिची खुर्ची मी पत्र लिहून उचलायला लावली.

म्हटलं, "एक टेबल हवंय. ओळखीनं." आयुष्यात पहिल्यांदा मागितलं. आजच, तुम्ही उघडायच्या आधी, साडेचारला. तिघांचं.

त्यानं रजिस्टर उघडून नाव विचारलं. तिचं लिहा, म्हटलं.